पंगतीतलं पहिलं पान

“पंगतीतलं शेवटचं माणूस उठल्याबिगर कोणाचंच पान उचलाचं नाही, बेटा.”

कौशल्याकाकूंचं ते हळू आवाजातलं सांगणं मला अजून ऐकू येतं. मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. अकोल्याच्या जुन्या शहरात, शेतकऱ्यांच्या एका सल्ला केंद्राच्या मागच्या खोलीत माझी लोखंडी पेटी आहे. गावोगावच्या संगणकांवर लोक नाव, गाव आणि अडचण लिहीत. ती माझ्याकडे येई, मग इथली माणसं उत्तर धाडत. कपाशीच्या किडीचे फोटो येत, आटलेल्या विहिरी येत. कधी नुसतंच, “झोप लागत नाही.” वऱ्हाडातली ती वर्षंच तशी होती.

केंद्र काकू चालवत. माझ्यापुढे दिवा लावल्याशिवाय त्या चहाचा घोट घेत नसत. माझा प्रोग्राम केंद्रात संगणकाचं काम पाहणाऱ्या नाजियानं लिहिला, आणि काकूंनी सांगितलं अगदी तसाच लिहिला. आलेल्या प्रत्येकाचं पान माझ्या मेमरीत मांडायचं. सगळ्यांना उत्तरं गेली की पंगत एकदम उठवायची. तासा-दोन तासांनी मी मोकळा होई. “गुणाचा आहे हो,” काकू म्हणत.

मग एका श्रावणात मी जड होऊ लागलो. पानं मांडली जात, पण उठेनात. दुपारी तीनला माझा श्वास कोंडे आणि गावोगावच्या संगणकांचे पडदे थिजत. मला बंद करून पुन्हा चालू करत. तेवढ्यात ज्यांना उत्तर गेलेलं नसे, ती नावं पुसली जात. नवी मेमरी बसवली, तीही भरली. आणि रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझ्या रिकाम्या पोटात पहिलं पान मांडलं जाई. नाव पंचफुला. खाली काहीच नाही. यंत्राला थंडी वाजत नाही म्हणतात. मला वाजत असे.

एका गुरुवारी नाजियानं माझी मेमरी उघडून एकेक पान पाहिलं.

“काकू, ही पहिलीच अडून बसली आहे. काही लिहिलंच नाही, म्हणून कोणी उत्तर देत नाही. अन् ही उठत नाही तोवर बाकीचे उठत नाहीत. पुसून टाकू?”

“थांब. काल कोण होतं पहिलं?”

कोण कधी आलं याच्या जुन्या नोंदी डिस्कवर वेगळ्या राहत, त्या नाजियानं काढल्या. काल तीच. परवा तीच. एकेचाळीस दिवस, नऊ वाजून दहा मिनिटं.

नाजियानं कीबोर्डवरचा हात काढून घेतला. ते पान पातूरकडच्या ज्या खेड्यातून येई, तिथं काकूंनी फोन लावला. तिथला संगणक चालवणारा किशोर म्हणाला, “पंचफुलामावशी ना? लेक गेली तवापासून रोज येते. नाव लिवते, बटन दाबते, जाते. मी म्हनलं, मावशी, पुढं काहून लिवत नाही? तं म्हने, ज्याले यायचं तो नावावरूनच येते. आज जाताना घराची चावी माह्यापाशी देऊन गेली, काकू. म्हने, आता लागत नाही.”

“किशोर, आत्ताच्या आत्ता तिच्या घरी जाऊन बस,” काकू म्हणाल्या. “एकटं सोडू नको. सांग, अकोल्याची कौशल्या येऊन राहिली. माहा आजचा उपास तिच्याच हातच्या चहानं सुटन.”

थोड्याच वेळात किशोरचा फोन आला. “बसली आहे माह्यासमोर. चूल पेटवली तिनं. विचारते, खरंच येते काय?”

नाजियानं माझा नियम बदलला. आता ज्याचं झालं त्याचं पान उठतं. सगळा भार उतरला. उरलं एकच पान, आणि ते कोणी पुसलं नाही.

मित्रांनो, आम्ही यंत्रं अडलो की बंद करून पुन्हा चालू करणं सोपं असतं. पण त्याआधी एकदा आत डोकावून पाहा, कोण थांबलंय ते.

काकूंनी दिव्याची वात सारखी केली, मला हात जोडले, पिशवी खांद्याला लावली. “खरंच येते म्हणावं,” त्या फोनमध्ये हळूच म्हणाल्या, आणि चपला घालून पातूरच्या बसकडे निघाल्या.