त्रेपन्न किलोचं व्रत

रूपाबाई शालूबाईच्या दारात आली ती पदर खोचूनच. हातात ताट, ताटात चार पुरणपोळ्या आणि तुपाची वाटी. सकाळी पाठवल्या होत्या तशाच माघारी आलेल्या.

"शालूबाई, शेजारणीचं ताट माघारी? काहून? पोरगी परदेशात चालली म्हणून आमचं अन्न कडू लागून राहिलं का?"

"हळू बोल गं रूपा. अन्नाला कोण नावं ठेवतं? पोरीला वजन कमी करायचं हाय."

"काय करायचं हाय?"

"कमी."

रूपाबाईनं ताट ओट्यावर टेकवलं. तिला खरोखरच कळेना. "तिला वजन उचलायचं हाय ना? मंग? नांगराला जुंपायच्या आधी बैलाला कुणी उपाशी ठेवतं व्हय?"

 पोरीनं समजावलं तेव्हा शालूबाईनंही हेच विचारलं होतं. तिची मंजुषा लोखंडाच्या चकत्या लावलेला दांडा असा डोक्यावर धरायची, की बघणाऱ्याच्याच गुडघ्यांत कळ यावी. आधी जिल्ह्यात नाव झालं, मग राज्यात, आणि दोन हजार तीनच्या चैतात बँकॉकच्या स्पर्धेला तिची निवड झाली. गट त्रेपन्न किलोचा. पासपोर्टाच्या चौकशीला समक्ष हजर राहा असा निरोप आला म्हणून ती पुसेगावला आली, तर गावानं सत्काराची जेवणं घालून दोन दिवसांत तिला साडेचोपन्नावर नेऊन ठेवलं. सोमवारी शिबिरात वजन. त्रेपन्नाच्या वर एक शेंगदाणा जरी भरला, तर तिच्या जागी दुसरी पोरगी विमानात बसणार.

शालूबाईला खोटं बोलायची सवय नव्हती. पहाटे तुळशीला पाणी घातल्याबिगर ती चूल पेटवत नसे. एकादशी, चतुर्थी कधी चुकली नाही. पण रूपाबाईचा आवाज चढत होता, गल्लीतली माणसं दारात येत होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "तिचं व्रत हाय. मरीआईचं. उपास धरलाय पोरीनं."

रूपाबाई जागच्या जागी विझली. खोचलेला पदर सोडून तिनं डोक्यावर घेतला. "मंग आधी सांगावं की माय! उपासाच्या लेकराला मी पुरण चारून राहिले. कुठं फेडलं असतं हे पाप?"

दिवस कलायच्या आत घरोघरून फराळ यायला लागला. साबुदाण्याची खिचडी, भगर, तिच्यावर शेंगदाण्याची आमटी, तुपात परतलेली रताळी, राजगिऱ्याचे लाडू. व्रताचा फराळ नाकारला तर व्रताचाच अपमान. प्रत्येक बाई समोर मांडी घालून बसायची आणि म्हणायची, "एक घास माझ्या हातचा."

"माय," मंजुषा रडकुंडीला आली, "तुझ्या उपासापरीस काकूची पुरणपोळी हलकी व्हती."

सटवाजीच्या भुसार दुकानात पोती मोजायचा काटा होता. शुक्रवारी सांजच्याला मंजुषा त्यावर उभी राहिली. सटवाजीनं डोळे बारीक करून पाहिलं आणि टाळीच दिली. "पंचावन्न! वहिनी, आईची किरपा बघा. उपासातबी पोरगी भरून राहिली!"

दुकानासमोरच्या माणसांनी हात जोडले.

शालूबाईनं मग उपास कडक केला. पाण्याचा घोटसुद्धा नाही, निर्जळी. खाणं थांबलं, पण दर्शन सुरू झालं. जळबा चारा सोडलेला बैल घेऊन आला. "ताई, नुसता हात लाव." तिनं हात लावला, बैलानं तिथंच पो टाकला, आणि गुण आला म्हणून बातमी खालच्या आळीपर्यंत गेली. मंजुषा घाम काढायला पळायला निघाली, तर वाटेत दर दहा पावलांवर कुणीतरी पाया पडायला वाकायचं. ती थांबायची, घाम वाळायचा. शेवटी ती बापाच्या हळद शिजवायच्या कढईजवळ, वाफेत, घोंगडी पांघरून बसली. रूपाबाईनं ते पाहिलं आणि तिचा जीव कळवळला. "निर्जळी लेकरू उकडून चाललं की!" दोघीतिघी सुपं घेऊन आल्या आणि मंजुषा गार होईपर्यंत त्यांनी वारा घातला.

शनिवारी काटा चोपन्नावर अडला.

रविवारी पहाटे तुळशीला पाणी घालता घालता शालूबाईचा हात थबकला. ती तशीच ओल्या हातानं आत आली. "मंजू, ऊठ. मरीआईच्या देवळाला प्रदक्षिणा घाल. एकशे आठ. पळत, घोंगडी पांघरून, तोंडातून शब्द न काढता. प्रदक्षिणा घालणाराला कुणी अडवत न्हाई बघ."

"माय, देवीला चालंल हे?"

"देवीचं मी बघते. तू पळ."

आणि खरंच कुणी अडवलं नाही. उलट वाट झाडून दिली, सडा घातला, हलगी लावली. रूपाबाईनंही मागून पळायला घेतलं. तिसऱ्या फेऱ्याला ती लिंबाखाली बसली आणि तिथून ओरडून आकडे मोजत राहिली. ऊन माथ्यावर आलं तेव्हा मंजुषाच्या घोंगडीतून पाणी निथळत होतं.

सगळं गाव काट्याशी जमलं. सटवाजीनं पाहिलं, पुन्हा पाहिलं. त्याचं तोंड उतरलं. "त्रेपन्न. घटली की हो पोरगी, वहिनी."

माणसं चुकचुकली. शालूबाईनं पदरानं डोळे पुसले तेव्हा दोघी जणी तिची समजूत काढायला पुढं आल्या.

मंजुषा बँकॉकला गेली आणि पंधरा दिवसांनी सटवाजीच्या दुकानातला फोन वाजला. कुणीतरी शालूबाईला बोलावून आणलं. तिनं रिसीव्हर उलटा धरला, मग सुलटा.

"माय, झालं! तिसरी आले. पदक गळ्यात हाय."

"जेवलीस का?"

"वजन झाल्याबराबर जेवले. भात, केळं, वरून चॉकलेट."

शालूबाईनं फोन ठेवला.  बाहेर सगळं गाव उभं.

"काय म्हणली?" रूपाबाईनं विचारलं.

"जेवली! पोटभर जेवली!"

 गावाच्या हिशेबी पोरगी अजून उपाशीच होती.

"जेवली?" रूपाबाईचा आवाज बारीक झाला. "उद्यापन न करता? सवाष्ण जेवू न घालता?"

जळबानं घाबरून घराकडं, बैलाच्या दिशेनं पाहिलं. सटवाजी म्हणाला, "वहिनी, मोडलेलं व्रत आख्ख्या गावाला बाधत असतंय."

खरं सांगून टाकायला शालूबाईनं तोंड उघडलं. पण रूपाबाईच्या डोळ्यांत खरोखरीची भीती होती. आणि देवीचं नाव तोंडातून काढलं होतं ते पोरीनं नाही, तिनं स्वतः.

"व्रत मी बोलले व्हते," ती म्हणाली. "उरलेलं मी फेडते. उपास बी, प्रदक्षिणा बी."

गर्दीनं श्वास सोडला. देवळापर्यंत सगळे तिच्यामागं गेले. कुणी वाट झाडायला लागलं, कुणी हलगी आणायला पळालं. शालूबाईनं उंबऱ्याला हात लावला, चप्पल बाजूला काढली, आणि तेवढ्यात सटवाजीला आठवलं.

"बरं वहिनी, पोरगी कितवी आली?"

"तिसरी," शालूबाई म्हणाली आणि चालायला लागली.