पहिलं लग्न बळीरामनं लावलं

छप्पन साली वस्ती नागपूरहून दीक्षा घेऊन परतली आणि पुढच्याच उन्हाळ्यात प्रश्न उभा राहिला: भटजी तर सोडला, आता लग्न लावायचं कुणी?

उकंडा मास्तरांकडे उत्तर तयार होतं. ते स्वतः. त्रिशरण, पंचशील, गाथा, सगळं त्यांनी उच्चारांसकट पाठ केलं होतं. पण पहिल्या लग्नाच्या दिवशी शाळेच्या गावाहून येणारी त्यांची एस्टी अर्ध्या वाटेत बंद पडली. मांडवात खोळंबलेल्या लोकांनी कापसाच्या जिनात काम करणाऱ्या बळीरामला पुढे ढकललं. कारण एवढंच, की त्याचा आवाज मोठा होता.

बळीरामनं पंचशील म्हटलं आणि पुढचं विसरला. वेळ काढायला म्हणाला, "आता नवरदेव-नवरीनं एकमेकाले पाणी पाजा." मे महिना होता. वऱ्हाडाला विधी फार पटला.

त्या मांडवात राळेगावाकडच्या चार-पाच गावचे पाहुणे होते. त्यांनी आपापल्या गावच्या लग्नांना बळीरामलाच बोलावलं. त्या लग्नांना आणखी गावांचे पाहुणे. साठ साल येईस्तोवर अशी गत, की बळीराम मोकळा आहे का हे विचारल्याशिवाय कुणी मुलगीही पाहायला जाईना. मास्तर प्रत्येक लग्नाला जात, जेवत आणि मनातल्या मनात चुका काढत. त्यांना फक्त एक लग्न स्वतःच्या तोंडानं लावायचं होतं. कुणी विचारतच नव्हतं.

मग एकदा एकाच दिवशी दोन लग्नं आली आणि बळीराम स्वतःच मास्तरांच्या दारात उभा राहिला.

"मास्तर, कळंबचं तुमी पाहा बा. मी दोन जागी कसा जाऊ?"

कळंबच्या मांडवात मास्तरांनी एक अक्षर न चुकता सगळं म्हटलं आणि हात जोडले. मांडवातून कुणी उठेना.

"आन् पाणी?" नवरीची आजी कौसल्याबाई म्हणाली.

"मावशी, पाण्याचा असा काही विधी नाही."

"नाही कसा? बळीरामभाऊ तं पाजते! माह्या दोन्ही मोठ्या नातीयले पाजलं. अर्धंच लगन लावून चालले का, मास्तर?"

मागून कुणीतरी ओरडलं, "पाठ नसन त्यायले!"

पाठ नसन!  मास्तरांनी आधारासाठी नवरदेवाकडे पाहिलं. तो पाण्याच्या गडव्याकडे पाहत होता.

"पाजा," मास्तर म्हणाले. मांडवानं टाळ्या वाजवल्या.

पंगतीत कौसल्याबाई वाकून म्हणाली, "बेस झालं, मास्तर. पुढच्या महिन्यात माह्या भाचीचं हाय."

मास्तरांनी हातातला घास खाली ठेवला. "येतो की!"

"या नं, जेवाले या. पर बळीरामभाऊले सांगान का? तुमची त्यायची वळख दिसते."

शेजारच्या पानावरचा पाहुणा वळला. "वळख हाय? मंग माह्याबी पोराचं सांगून ठेवा नं, गुरुजी." त्याच्या पलीकडचाही पान घेऊन जवळ सरकला.

मास्तरांनी खाली ठेवलेला घास उचलून तोंडात घातला. मग मांडी नीट घालून बसले.

"पाह्यतो बा," ते म्हणाले. "तो कोणाचं आयकत नाही. माह्यं आयकते."