डोक्यांची फाईल

दारव्ह्यात घनश्यामच्या स्टुडिओत एकच लॅपटॉप होता, आणि त्यात अख्ख्या तालुक्याचं राजकारण कोंबलेलं होतं. कापसाचं पार वाटोळं झालं होतं, सरकारी पॅकेजं जाहीर होत होती, आणि त्या निमित्तानं दर आठवड्याला कोणी ना कोणी पाहुणा येत होता. पाहुणा आला की फ्लेक्स, आणि फ्लेक्स आला की पुढाऱ्यांची डोकी. शेतात बोंड धरत नव्हतं, चौकात मात्र डोक्यांचं पीक जोमात होतं.

घनश्यामची एक रीत होती. तालुक्याचे पुढारी दादासाहेब, त्यांच्याशी कोणाचं बिनसलं की त्याचं डोकं फ्लेक्सवरून काढायचं, पण फाईलमधून पुसायचं नाही, नुसतं लपवून ठेवायचं. "उद्या परत येते लेकाचा," तो म्हणे. आणि लेकाचा खरंच परत येई. त्यामुळे रुसलेले, फुटलेले, परतलेले आणि पुन्हा फुटलेले, सगळे त्या एकाच फाईलमध्ये एकमेकांच्या उरावर बसलेले असत. स्टुडिओत काम करणारी साधना फाईल उघडायला लावून चहा प्यायची, कप विसळून ठेवायची, तरी पडद्यावर वाळूचं घड्याळ फिरतच असायचं. घनश्याम लॅपटॉपच्या कंपनीच्या नावानं बोटं मोडायचा. साधनाला मात्र मशीनची कीव यायची. गाढवावर ओझं लादायचं आणि वर त्यालाच आळशी म्हणायचं, हा कुठला न्याय?

त्या दुपारी घनश्याम दादासाहेबांच्या बंगल्यावर गेला असताना पंचफुलाबाई आली. तिचा नवरा उकंडा तापानं गेला होता. उद्या त्याचं पुण्यानुमोदन, फोटोपुढं मेणबत्त्या लावायच्या, आणि घरात त्याचा धड फोटो नाही. मतदानाच्या कार्डावर होता तो काळा डाग होता.

"तुमच्या फ्लेक्सवर होते ना आमचे हे," ती म्हणाली. "कापसाचं गाठोडं घेऊन."

होता. पॅकेजबद्दल जाहीर आभार मानायला दादासाहेबांना एक सुखी शेतकरी हवा होता, म्हणून घनश्यामनं उकंडाला बाजारातून धरून आणलं होतं. गाठोडंसुद्धा उसनं होतं. फ्लेक्स उतरला आणि उकंडा त्या फाईलच्या तळाशी गेला.

साधनानं फाईल उघडली. मशीन अडकलं. बंद करून पुन्हा उघडली, पुन्हा अडकलं. बाहेर पंचफुलाबाईच्या गावची शेवटची जीप भरत आली होती.

"दमलं का ते, पोरी?"

"दमंल नाही तं काय करंल, मावशी? एवढ्या साहेबांचं वजन हाय त्याच्यावर."

तिसऱ्यांदा फाईल उघडल्यावर मात्र साधनानं ठरवलंच. एक माजी सभापती उडवले. मशीन जरा हललं. मग दोन उपाध्यक्ष, एक भावी आमदार, एक युवा हृदयसम्राट, ज्याच्या युवापणाला नातू झाला होता. एरवी ज्यांनी कधी कोणाला वाट दिली नाही, ते एका बोटासरशी बाजूला होत होते. साधनाला मजा वाटली, आणि तिनं ती लपवली नाही. शेवटी खुद्द दादासाहेब गेले, आणि लॅपटॉप भरभर चालू लागला.

तेवढ्यात घनश्याम आत आला. "डोके कुठं गेले सारे?"

"उडवले."

"काहून?"

"मशीन चालत नाही म्हणून तुमीच तं बोंबलत होते. पाहा, कसं पळून राह्यलं."

घनश्यामनं कपाळाला हात लावला. पडद्यावर आता एकटा उकंडा होता, गाठोडं घेऊन खदखदून हसणारा. साधनानं लॅपटॉप पंचफुलाबाईकडे वळवला.

तिनं पुष्कळ वेळ पाहिलं. मग मान हलवली.

"हे तोंड आमच्या ह्यायचं नाही. ह्यायचे समोरचे दात कधीचेच पडलेत."

साधनानं चित्र मोठं केलं. दात पांढरेशुभ्र, एकसारखे. हे दात ती रोज पाहत होती, प्रत्येक फ्लेक्सवर, सर्वांत मोठ्या डोक्यात, दादासाहेबांच्या. तिनं घनश्यामकडे पाहिलं.

"कार्यक्रम आभाराचा होता," तो पुटपुटला. "शेतकरी हसला पाह्यजे होता. हा गडी काही केल्या हसेच ना."

साधनाला किळस आली. तिनं ते हसूही उडवलं. खालून उकंडाचं मिटलेलं तोंड निघालं, बसलेले गाल, आणि कोणीतरी उभं राहा म्हटलं म्हणून उभ्या असलेल्या माणसाचे डोळे.

"हां," पंचफुलाबाई म्हणाली, "आता आले." आणि तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.