अकोल्यातली निवड

सत्काराच्या मांडवात माणिकबाईंना पहिल्या रांगेत बसवलं होतं. त्यांची नात हर्षा स्टेजवर होती. फिगर स्केटिंगची खेळाडू, चार राष्ट्रीय पदकं मिळवलेली. बर्फावरची नव्हे, चाकांच्या बुटांवरची. वऱ्हाडात बर्फ कुठला! आता सव्विसाव्या वर्षी ती स्पर्धा सोडून अमरावतीत मुलींना शिकवणार होती, म्हणून अकोल्याच्या क्लबाने तिला शाल द्यायला बोलावलं होतं. माणिकबाई यायला तयारच नव्हत्या. चौदा वर्षांत त्यांनी या गावात पाऊल टाकलं नव्हतं.

"आजी, वळखलं काय मले?" शेजारच्या खुर्चीवर एक तरणी बाई येऊन बसली. "मी आचल. त्या वर्षी हर्षासंगं निवडीले होती. पडली थे!"

ती हसली. माणिकबाईंची नजर तिच्या मनगटावर गेली.

त्या वर्षी निवड इथेच होती, राज्याच्या संघात जागा एकच आणि मुली दोन. हर्षा बारा वर्षांची. घर फुलमाळ्यांचं, झेंडू पहाटे तोडायचा, ओल्या फडक्यात बांधायचा, वरून पाणी शिंपडत राहायचं, यातच माणिकबाईंचा जन्म गेलेला. नातीचा खेळ संपताच त्यांनी बरोबर आणलेलं फडकं सोडलं आणि लग्नात उधळावी तशी ओंजळभर ओली फुलं कुस्करून तिच्यावर उधळली. लोकांनी हसून टाळ्या पिटल्या. कुणीतरी घाईघाईने झाडू फिरवला आणि आचल उतरली. ती हर्षापेक्षा सरस होती, एवढं माणिकबाईंनाही कळत होतं. शेवटची उडी घेऊन पोरगी खाली आली, चाक सटकलं आणि मनगट मोडलं. "घाबरली बिचारी," सगळे म्हणाले. तिला उचलून नेल्यावर माणिकबाईंनी रिंगणाच्या कठड्यावरून वाकून पाहिलं. फरशीवर चाकाची लांब ओली रेघ, आणि रेघेच्या टोकाला चेंगरलेली केशरी पाकळी. पंच हाकेच्या अंतरावर बसले होते. सांगितलं असतं, तर आचलला पुन्हा खेळू दिलं असतं. माणिकबाई गप्प बसल्या.

"मंग तू खेळलीच नाई?" त्यांनी आता विचारलं.

"नाई. हात जुळला, पण मनात भेव बसलं. बाबा आताही म्हणतात, ऐन वक्ताले तुयी हिंमत जाते. खरंच हाय थे. दोनदा बँकेची परीक्षा अर्धी सोडून उठली मी. जाऊ द्या! हर्षानं नाव काढलं."

एका पोरीची एकच तर स्पर्धा गेली, अशी माणिकबाईंनी इतकी वर्षं मनाची समजूत घातली होती.

"तू नव्हती घाबरली वं माय," त्या म्हणाल्या. "मायी फुलं होती थे." आणि सगळं सांगून टाकलं.

आचलचं हसू मावळलं. तिने मागच्या रांगेकडे बोट दाखवलं.

"मले एकटीले काहून सांगता, आजी? माये बाबा मागं बसले हायेत. त्याईले सांगा. तवा घाबरली म्हणणारे बी हायेत इथं."

तेवढ्यात पुकारा झाला, "आता आजींनी दोन शब्द बोलावेत." नातीच्या मानाचा दिवस. स्टेजवर चढून माईक हातात घेतल्यावर माणिकबाईंना वाटलं, आशीर्वाद द्यावा आणि खाली उतरावं. समोर आचल त्यांच्याकडे एकटक पाहत बसली होती. त्या बोलल्या. ओलं फडकं, पाकळी, पंच, काही ठेवलं नाही.

हर्षा खुर्चीवरून उठली. ती आता चारचौघांत फटकारणार, या धाकाने माणिकबाईंनी मान खाली घातली.

"आजी," हर्षा अगदी जवळ येऊन हळूच म्हणाली, "मी बी पाह्यली होती पाकळी. तू काई बोलली नाई, म्हणून मी बी नाई बोलली."

माईक अजून माणिकबाईंच्याच हातात होता. मांडवातल्या सगळ्यांनी ते ऐकलं. त्या दिवशी कठड्यावरून वाकून पाहताना पाठीशी बारा वर्षांची पोर उभी होती, आणि आजी काय करते ते बघत होती, हे त्यांच्या आजवर ध्यानातच आलं नव्हतं.