पलंगावरचा हात

दुकानात शिरताच तो वास आला. कुबट, ओलसर, आणि वरून अत्तर शिंपडलेला. मी रुमाल नाकाला लावला.

"अहो वन्सं, हाच तर जुनेपणाचा सुगंध!" वहिनी म्हणाली.

सुगंध म्हणे! अंथरुणाला खिळलेल्या आईची चादर रोज मी बदलते, मला नका शिकवू सुगंध. शिवाय एरवी अगंतुगं करणारी वहिनी आज वन्सं म्हणत होती, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

मी आले होते दादाशी बोलायला. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. ते झाल्यावर दोन-तीन महिने तरी आईला उचलणं, कुशीवर वळवणं मला जमणार नव्हतं. तेवढे दिवस त्याने तिला न्यावं, इतकंच मागणं. फोनवर "घरात जागाच नाही गं" हे एकच पालुपद. मग अचानक वहिनीचा मधाळ फोन आला, "या ना, समोरासमोर बोलू." आले, तर दोघांनी मला घरी न नेता थेट या अडगळीत आणलं. नव्या घरासाठी त्यांना जुन्या वस्तू हव्या होत्या.

दादा एका काठीला कुरवाळत होता. "बघ चिमे, मूठ कशी झिजलीय! कुणाचा तरी हात आयुष्यभर लागलाय हिला." आईला हात द्यायची वेळ आली की याला मीटिंग असते.

वहिनीने एक हस्तिदंती फणी उचलली. दातांत एक पांढरा केस अडकला होता. "किती जिवंत वाटतं ना!" म्हणून तिने फणी चक्क गालाला लावली. मी किळसून मागे सरले. आईची फणी ही बाई चिमटीत धरून लांब ठेवते.

दुकानदार पट्टीचा बोलका होता. ही खुर्ची अमक्या न्यायाधीशाची, तो आरसा तमक्या गायिकेचा. दादा तोंड उघडं टाकून ऐकत होता. आई तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला लागली की घड्याळ बघणारा हाच.

"दादा, आईचं..." मी सुरुवात केली.

"थांब गं, आधी हे आटपू."

त्याने खिशातून फोन काढून दुकानदारापुढे धरला. "हा शिसवी पलंग. पॉलिश तुमच्याकडे होईल ना? आमची खिडकीजवळची खोली रिकामीच आहे, तिथे शोभेल."

मी डोकावले. आईचा पलंग. मागच्या भेटीत वहिनीने हौसेने आईचे फोटो काढले होते. आईने माझ्याकडून केस विंचरून घेतले होते, उशीला टेकून छान हसली होती. वहिनीला माया फुटली म्हणून मलाच भरून आलं होतं, मूर्ख मी! फोटोत ते हसू नव्हतंच. वरचा भाग कापून कठड्याची नक्षी तेवढी ठेवली होती. फक्त कठडा धरलेला आईचा हात राहून गेला होता.

दुकानदाराने फोटो मोठा केला. "हा हात कुणाचा?"

वहिनी म्हणाली, "तो काढून टाकता येईल."

"माझ्या आईचा आहे," मी म्हणाले. "पलंगाबरोबर अख्खी आई येते. खोली रिकामीच आहे ना? न्या दोघांना."

"चिमे, चारचौघांत तमाशा नको," दादा दात आवळून म्हणाला. "आईला आम्ही नवी कॉट घेतोय. लोखंडी, खालीवर होणारी. तिचीच सोय होईल."

"आणि ती कॉट कुठे ठेवायची?"

"कुठे म्हणजे? तुझ्याकडेच."

त्या फणीची आली नव्हती एवढी किळस मला सख्ख्या भावाची आली. आम्ही दोघं एकाच पोटी जन्मलो, त्याचीसुद्धा आली. लंगडत बाहेर पडले ती थेट घरी.

आईजवळ शेजारीण बसली होती. तिच्याकडून आईने आपली पिशवीही भरून घेतली होती, दोन गाऊन, चष्मा, औषधं. मला बघताच तिने विचारलं, "काय म्हणाला दादा? कधी येतोय न्यायला?"

खरं बोलायला जीभ रेटेना. "तुझा पलंग फार आवडतो म्हणाला."

आईचा चेहरा फुलला. "आवडणारच! लहानपणी माझ्या कुशीत यावरच झोपायचा. मग देऊन टाक की त्याला. माझं काय, मी खाली गादीवर पडेन." तिने कठड्यावरून हात फिरवला. "पण आधी नीट पुसून घे हो. वहिनीला वास चालत नाही."