नवसाचा गूळ

छायाचं वजन अठ्ठ्याहत्तर किलो आहे, ही गोष्ट तिच्या माहेरच्या अंगणात सगळ्या भावकीसमोर जाहीर झाली ती तिच्या नवऱ्याच्या हौसेमुळे. भाऊबीजेचा दिवस होता. सकाळी नाशिकच्या एसटी स्टँडवर पोरांनी हट्ट धरला म्हणून सगळे जण त्या रंगीत दिव्यांच्या यंत्रावर एकेक करून उभे राहिले होते, आणि यंत्रातून पडलेली जाड तिकिटं रविराजनं खिशात टाकली होती. तिथंच ती राहिली असती तर काही बिघडलं नसतं. पण चार माणसं जमली, गप्पा जरा मंदावल्या, की रविराजला काहीतरी करून दाखवायची खुमखुमी येते. त्यानं बायकोचं तिकीट काढलं, चष्मा सारखा केला आणि ग्रामसभेत ठराव वाचावा तसं मोठ्यानं वाचलं. पाठीमागं छापलं होतं की आपण मनमिळाऊ स्वभावाचे आहात. तेही वाचलं.

सगळे हसले. छायाही हसली. जाड बाईला अशा वेळी सगळ्यांच्या आधी हसावं लागतं, नाहीतर मनाला लावून घेतलं असं होतं. हातातली अर्धी करंजी तिनं ताटाच्या कडेला ठेवली आणि पुन्हा उचलली नाही.

हसली नाही ती एकटी कुसाबाई, छायाची आई. तिनं पदर डोक्यावर सारखा केला आणि गावदेवीच्या दिशेनं हात जोडले.

"भरली माझी पोर," ती म्हणाली. "आता चैत्राच्या जत्रेत नवस फेडायचा."

हा नवस छाया आठ वर्षांची असतानाचा. तेव्हा तिला टायफॉईड झाला होता आणि तो असा मुक्कामाला आला की पोरीचे केस गेले, हाडं वर आली, बाप तिला एका हातावर उचलून आत-बाहेर करू लागला. डॉक्टरनं पिंपळगावला न्या म्हटलं, पिंपळगावच्या डॉक्टरनं नाशिकला न्या म्हटलं. कुसाबाईनं देवीच्या पायरीवर डोकं टेकवून सांगितलं, हिचं अंग भरू दे, भरेल तेवढा गूळ तुझ्या दारात तोलून वाटीन. पोर वाचली. पण कुसाबाईला काही ती भरलेली वाटेना. पुढं लग्न झालं, दोन बाळंतपणं झाली, छाया पंचवटीत दोन खोल्यांच्या घरात ब्लाऊज शिवू लागली, मशीनवर बसून बसून चांगली रुंद झाली, तरी दारात पाऊल टाकलं की आईचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, लय वाळलीस ग. नात्यात ती एक थट्टाच होऊन बसली होती. छाया दरवाजात मावत नाही आणि आईला वाळलेली दिसते, असं तिच्या जावा म्हणायच्या.

आता तिकिटावरचा आकडा ऐकून कुसाबाईची खात्री पटली होती, आणि छायाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. नवसाची तुला म्हणजे घरातल्या घरात उरकायची गोष्ट नव्हे. कडुनिंबाच्या फांदीला मोठा तराजू टांगायचा, एका पारड्यात ती, दुसऱ्यात गूळ. सगळं गाव, सासरची माणसं आणि त्या जावा समोर उभ्या. एकेक ढेप पडत जाणार आणि लोक मोठ्यानं मोजत जाणार. आठवी ढेप पडेपर्यंत आपण त्या पारड्याच्या फळीवर बसून कोणाकडं बघायचं, हे तिला कळेना.

चैत्राला साडेपाच महिने होते. नाशिकला परत आल्यावर तिनं मेन रोडवरच्या भांड्यांच्या दुकानातून वजनकाटा आणला. पायाखाली ठेवायचा, तबकडीवाला, लाल सुईचा. घरात कोणाला सांगितलं नाही. मशीनमागं कापडाच्या चिंध्यांचं गाठोडं असायचं, त्यात तो लपवला.

रोज सकाळी दूध यायच्या आधी ती काटा घेऊन न्हाणीघरात जायची आणि कडी लावायची. बांगड्या काढायच्या, जोडवी काढायची, अंगावरचं सगळं काढायचं. काही दिवसांनी मंगळसूत्रही निघालं. ते नळावर अडकवताना तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण त्याचे काही ग्रॅम तरी भरत असतील हा विचार काही केल्या जाईना. मग श्वास सोडून द्यायचा आणि हळूच उभं राहायचं, जसं काही हळू उभं राहिलं तर सुईला पत्ता लागणार नाही. कोपऱ्यातली एक फरशी जराशी खचलेली होती. तिच्यावर काटा ठेवला की अर्धा किलो कमी दिसायचा. छायानं ती फरशी शोधून काढली आणि त्यानंतर काटा कधी दुसरीकडं ठेवला नाही. फसवणूक कोणाची चालली आहे हे तिला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, आणि लाजही वाटत होती. तरी फरशी तीच.

सुई खाली आलेली असली की तो दिवस सोन्याचा. पोरांना ओरडा नाही, रविराजच्या डब्यात दोन भाज्या, गिऱ्हाइकाशी गोड बोलणं. सुई वर गेलेली असली की घरात कोणी चमचा पाडला तरी बोलणी खायचा. रविराजला वाटायचं, बायकोचं डोकं हल्ली हवामानावर चालतं. मापं घेताना छाया बायकांना नेहमी सांभाळून घ्यायची. टेपवर वाढलेला इंच कधी मोठ्यानं वाचायची नाही, कापड आटतं हो, म्हणून शिलाईत जागा ठेवायची. दुसऱ्यांची लाज राखायचं तिला चांगलं जमायचं. स्वतःशी मात्र तिनं दयामाया ठेवली नाही. सकाळी लिंबूपाणी, दुपारी अर्धी भाकरी आणि पालेभाजी, संध्याकाळी उपास आहे म्हणायचं. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी. सासूबाई शेजारणींना कौतुकानं सांगायच्या की आमची सून फार देवाधर्माची झाली आहे.

सगळ्यात वाईट लाडवांचं झालं. कुसाबाई गावाकडून येणाऱ्या कोणाच्या ना कोणाच्या हाती डिंकाच्या लाडवांचा डबा पाठवायची. लाडू म्हणजे नुसतं तूप आणि खारीक. छाया तो डबा उघडायची, वास घ्यायची, झाकण लावायची आणि नळावर धुणं धुणाऱ्या बाईला देऊन टाकायची. मग आईचा फोन आला की सांगायची, संपले, छान झाले होते. पलीकडून आई खूश होऊन म्हणायची, पुढच्या आठवड्याला आणखी धाडते. फोन ठेवल्यावर छायाला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटायचं. पण दुसऱ्या दिवशी सुई पाव किलो खाली आलेली असली की ते सगळं विसरायला होई.

संक्रांतीला ती माहेरी गेली तेव्हा बरीच उतरली होती. साडीच्या निऱ्या जाड घातल्या, वर स्वेटर. आई तिच्या दंडावरून हात फिरवत म्हणाली, लय वाळलीस ग. हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदाच खरं होतं, आणि तिथं बसलेल्या कोणी मान वरसुद्धा केली नाही. छाया हसून म्हणाली, तुला काय, नेहमीचंच आहे. तेवढ्यावर विषय संपला.

जत्रेच्या दिवशी न्हाणीघरातल्या सुईनं पासष्टच्या जराशी खाली तोंड दाखवलं. छाया नवीन साडी नेसली. केस विरळ झाले होते म्हणून गजरा जास्तीचा माळला. आज कोणी आपल्याला हसणार नाही, एवढं एकच तिच्या मनात होतं.

तराजू आणला होता जयराममामांनी. जयराम हा कुसाबाईचा चुलतभाऊ. जन्म मापाडी म्हणून गेलेला, म्हणजे कांद्याच्या व्यापाऱ्याच्या खळ्यावर शेतकऱ्याचा माल तोलून द्यायचं काम. स्वभावानं अबोल, पण बहिणीचा नवस म्हटल्यावर टेम्पोत घालून तो मोठा तराजू स्वतः घेऊन आला, पारडी पाण्यानं धुतली, त्यांना हळदकुंकू लावलं. कुसाबाईनं गूळ भाऊबीजेपासून जमवला होता. दहा-दहा किलोच्या आठ ढेपा ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. अठ्ठ्याहत्तरला दोन किलो वरच होतात, पण देवीला कमी पडायला नको, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती.

छाया फळीवर बसली. हलगी वाजली, गूळ पडायला लागला, पोरं ओरडून मोजायला लागली. सहावी ढेप पडली आणि छाया जागची हलली. सातवी पडली तशी तिची फळी वर उचलली गेली आणि गुळाचं पारडं जमिनीला टेकलं. जयराममामांनी सातवी ढेप काढली, फोडली, अर्धी परत ठेवली. काटा सरळ उभा राहिला. छायाचे पाय जमिनीपासून वीतभर वर, गूळही तेवढाच वर. साडेसहा, असं कोणीतरी म्हटलं आणि छायाच्या छातीत आनंदाची लाट उसळली. तिनं हळूच जावांकडं पाहिलं. त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

मग तिला आई दिसली. आठवी ढेप दोन्ही हातांनी पोटाशी धरून कुसाबाई उभी होती. ती एकदा काट्याकडं बघत होती, एकदा लेकीकडं.

"दादा," ती म्हणाली, "तुझा काटा खोटा हाय."

जयराममामा आधी हसले. मग त्यांना कळलं की ती थट्टा करत नाही. जावईबापूंनी कागद वाचून दाखवला होता, यंत्र खोटं बोलतंय काय, असं ती विचारत होती. मागून फकिरा नावाचा एक जण बोलला की मापाड्याचा हात, सवयीनं बसला असंल. ते त्यानं गमतीनंच म्हटलं असेल. पण ज्यानं आयुष्यात एकदा कांदा विकलाय त्याला काट्याबद्दल संशय घ्यायला शिकवावं लागत नाही. एकाला आपली कमी भरलेली ट्रॉली आठवली, दुसऱ्याला आपली. बघता बघता दहाबारा माणसं जयराममामांभोवती गोळा झाली. देवीच्या गुळातसुद्धा मारतो का रे, असं एका म्हाताऱ्यानं विचारलं. मामांनी काट्यावरचा सरकारी शिक्का दाखवला. शिक्के कसे मिळतात ते ठाऊक हाय, असं उत्तर आलं.

छाया फळीवरून हे सगळं बघत होती. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य तिच्या तोंडात तयार होतं आणि ती ते बोलत नव्हती. काटा खोटा ठरला तर ठरू दे, असंही क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं. घरी जाऊन मामांची माफी मागता येईल, एकांतात. इथं बोलायचं म्हणजे ज्यासाठी साडेपाच महिने जीव जाळला तीच गोष्ट स्वतःच्या तोंडानं सगळ्या गावाला सांगायची. तिनं रविराजकडं पाहिलं. तो बुटाच्या टोकानं माती उकरत होता.

जयराममामांनी डोक्यावरची टोपी काढली. पायरीजवळ गेले आणि ती देवीपुढं ठेवली.

"माझ्या काट्यात खोट असंल तर," ते म्हणाले आणि पुढं त्यांना बोलता आलं नाही. सत्तरीचा माणूस, उघड्या डोक्यानं उभा.

"आई, काटा बरोबर आहे," छाया म्हणाली.

आवाज इतका बारीक निघाला की पुढच्या दोघीतिघींनाच ऐकू गेला. काय म्हणती ती, असं फकिरानं मागून विचारलं. मग तिला मोठ्यानं सांगावं लागलं.

"काटा बरोबर आहे. मी अठ्ठ्याहत्तर किलो होते, आता पासष्ट आहे. उपाशी राहून कमी केलंय मी."

"कशापायी?" कुसाबाईनं विचारलं.

"तुम्ही सगळे हसाल म्हणून."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, तिला सगळ्यांच्या आधी हसता आलं असतं. हलगीवाला हलगी काखेत धरून उभा होता. जावांनी माना खाली घातल्या होत्या. रविराजनं चष्मा काढून पुसायला घेतला. कुसाबाई जवळ आली. तिनं लेकीच्या गळ्याशी वर आलेल्या हाडावर बोट ठेवलं, आठ वर्षांच्या पोरीच्या अंगावर ठेवावं तसं.

"मी तुला माणसांत तोलाया नव्हती आणली, पोरी," ती म्हणाली. "देवीला दाखवाया आणली व्हती."

छायाला वाटलं, आता आईनं दोन मुस्काटात द्याव्यात म्हणजे सुटेन. पण कुसाबाई वळली. हातातली ढेप तिनं देवीच्या पायरीवर ठेवली, टोपी उचलली, पदरानं पुसली आणि जयराममामांच्या हातात दिली. मग सगळ्या गावासमोर ती खाली वाकली आणि तिनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"दादा, चुकलं," ती म्हणत होती. "पोरीचं चुकलं, माझं चुकलं. पदरात घे."

छाया तेहतीस वर्षांची होती, दोन पोरांची आई होती. धावत जाऊन आईला उठवावं, मामांच्या पायांशी आपण पडावं, असं तिला झालं. पण समोरच्या पारड्यात नवसाचा गूळ होता, आणि ती उतरली असती तर तो धाडकन खाली जाऊन मातीत सांडला असता. म्हणून ती दोन्ही हातांनी दोर धरून तशीच बसून राहिली, आणि गूळ उतरवायला कोणी पुढं येईपर्यंत तिला ते सगळं वरून बघावं लागलं.