काळुरामची पोपटी

पेणहून धरमतरकडे जाताना खाडीच्या अंगाला एक गाव आहे. त्या गावात कोरोना शिरलाच नाही, असं काळुराम आजही सांगतो. सांगताना छाती पुढे काढतो, कारण कोरोनाला अडवण्याचं खातं त्याच्याकडेच होतं. गावाने त्याला समितीचा अध्यक्ष केला होता. समितीने रस्त्यावर बांबू आडवे बांधले, बाभळीचे काटे पसरले आणि भातावर औषध मारायचा पंप घेऊन काळुराम तिथे खुर्ची टाकून बसला. दूधवाला आला की त्याच्यावर फवारा, त्याच्या कॅनवर फवारा. एकदा वाट चुकून आलेल्या बैलालाही त्याने सोडलं नाही. गणपतीच्या मिरवणुकीतला भोंगा त्याने सोबत ठेवला होता आणि त्यावरून तो येणाऱ्या-जाणाऱ्यांना शास्त्र समजावून सांगायचा. शास्त्र त्याला मोबाइलवर यायचं.

त्याच भोंग्यावरून त्याने सख्ख्या भावाला परत पाठवलं. धाकटा महिपती कळंबोलीला गोदामात कामाला होता. सगळं बंद पडल्यावर तो चालत निघाला आणि भर उन्हात बांबूपाशी येऊन उभा राहिला. काळुरामने भोंगा तोंडाला लावला. “बाहेरच्यांना गावात प्रवेश नाय.” भाऊ समोरच उभा होता, भोंग्याची काडीची गरज नव्हती. महिपती वळला आणि तसाच रोह्याच्या दिशेने चालू लागला. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात त्याची सासुरवाडी होती. बायको सरू बाळंतपणासाठी तिथेच गेली होती.

तो तिकडचाच झाला. कंपनीत शिफ्टला लागला, मुलीचं बारसं तिकडेच केलं, गणपतीलासुद्धा घरी आला नाही. आई रोज विचारायची, “महिपत कधी येतो रे?” काळुराम अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत म्हणायचा, “येल.”

आता खरं सांगायचं तर कोरोना गावात शिरला होता, आणि शिरला तो थेट अध्यक्षांच्याच घरात. दुसऱ्या लाटेत काळुरामला ताप आला. त्याने त्याला पित्त म्हणायचं ठरवलं आणि पित्ताला मोकळी हवा लागते म्हणून शेतावरच्या खोपीत एकटा जाऊन राहिला. त्याची बायको हौसा बांधावर डबा ठेवून यायची. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. हौसाने त्याच्या नाकाखाली सुकट धरली, अगरबत्ती धरली, शेवटी वैतागून त्याचंच बनियन धरलं. काळुराम आपला शांत. हे कुणाला कळता कामा नये, अशी त्याने बायकोला शपथ घातली.

कारण पंचक्रोशीत त्याला मान होता तो नाकाचा. थंडी पडली, वालाच्या शेंगा भरल्या, की लोक त्याला पोपटी लावायला बोलवायचे. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर ओवा-मीठ चोळलेल्या शेंगा, मधे केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी, तोंडाला पुन्हा पाला, मग मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. आत काय चाललंय ते कुणाच्या बापाला दिसत नाही. बाकीचे मोबाइलमध्ये वेळ बघतात. काळुराम गप्पा मारता मारता मधेच नाक वर करायचा आणि म्हणायचा, “काढा.” शेंगा नेमक्या झालेल्या असायच्या.

वास गेल्यावर नवरा-बायकोने एक सोय लावली. हौसा वारा येईल अशी बसायची आणि पोपटीचा वास सुटला की खोकायची. मग काळुराम नाक वर करायचा. अशी त्यांनी अख्खी थंडी निभावून नेली. एकदा तेवढा हौसाला खराखुरा खोकला झाला होता. तेव्हा सरपंचांनी कच्च्या शेंगा खाल्ल्या आणि वर कौतुकही केलं.

पुढच्या थंडीत मात्र काळुरामला राहवेना. त्याला भाऊ हवा होता. लस येऊन जुनी झाली, लोक मास्कने सायकली पुसायला लागले, लग्नांत पुन्हा पंगतीवर पंगती उठायला लागल्या, आणि याचा भाऊ अजून बांबूच्या पलीकडेच. शेवटी तो स्वतः रोह्याला गेला. टाळेबंदीत तिथल्या केमिकलच्या कंपन्या थंड होत्या तेव्हा कुंडलिका नदीचं पाणी नितळ झालं म्हणून सगळ्यांनी एकमेकांना फोटो पाठवले होते. आता कंपन्या जोरात होत्या आणि रिक्षातली माणसं नाकाला रुमाल लावून बसली होती. काळुराम छातीभर श्वास घेऊन म्हणाला, “कोरोनाने एक काम चांगलं केलं. हवा सुधारली.” रिक्षावाल्याने आरशातून त्याला नीट पाहून घेतलं आणि भाडं आधीच मागितलं.

महिपती दारातच भेटला. “रविवारी पोपटी लावतोय,” काळुराम म्हणाला. “आई वाट बघते.” आपणही बघतो, हे काही त्याच्या तोंडून निघालं नाही. महिपती म्हणाला, “बघतो.” आतून सरू म्हणाली, “येतो आम्ही, दादा.”

रविवारी ते आले. आईने नातीला मांडीवर घेतलं ते सोडलंच नाही. दिवस कलल्यावर घरामागच्या शेतात मडकं लागलं. इथवर सगळं छान चाललं होतं. मग सरूने हौसाचा हात धरला आणि भाकऱ्या करायला म्हणून तिला घरात ओढून नेलं. हौसा जाताना सारखी मागे वळून बघत होती.

जाळाशी दोघे भाऊ उरले.

“शिफ्ट कुठली असते?” काळुरामने विचारलं.

“फिरती.”

“बरं हाय.”

एवढ्यावर बोलणं संपलं. काळुरामने विचार केला, दोघं पोरवयापासून जोडीने पोपटी लावत आलो, याचं नाकही काही कमी नाही, झाली की बोलेलच. त्याने बेताने चाचपून पाहिलं. “काय वाटतं तुला?”

“तू सांगशील तसं. नाक तुझं.”

काळुरामने नाक वर केलं, डोळे मिटले, मान हलवली. “अजून थोडी.” महिपतीने पेंढा टाकला. थोड्या वेळाने पुन्हा, “काय रे?” आणि पुन्हा, “तूच बघ ना, दादा.” दोघे एकमेकांच्या नाकाकडे बघत बसले.

करपल्याचा वास शेजारच्या वाडीपर्यंत गेला. कुत्री भुंकायला लागली. हौसा भरलेली कळशी घेऊन घरातून धावत आली, तिच्यामागे पिठाच्या हातांनी सरू.

“मेल्यांनो, कोळसा झाला त्याचा,” हौसा म्हणाली. “याला तापापासनं वास येत नाय, ते मला ठाव हाय. पण भावजी, तुमच्या नाकाला काय झालं?”

महिपती म्हणाला, “मला बी नाय येत. कळंबोलीवरनं चालत आलो ना, तेव्हापासनं. वाटेत एकाने कांदा-भाकर दिली, तर कांद्याला वास नाय, चव नाय. तेव्हा कळलं नाय मला. मागनं कळलं.”

काळुरामच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. म्हणजे महिपती त्या दिवशी कोरोना घेऊनच आला होता, आणि घरात आई दम्याने धापत होती. म्हणजे अध्यक्ष बरोबर होते. हे कुणीतरी आपल्याला सांगावं म्हणून तो इतकी वर्षं तळमळत होता, आणि आता ऐकून त्याला कणभर आनंद झाला नाही. तरी जीभ वळवळलीच. “म्हणजे मी अडवलं ते...”

“बरोबर केलंस,” महिपती म्हणाला. “आई वाचली. सासऱ्याने बी घरात घेतलं नाय, गोठ्यात ठेवलं. त्याचा कुठे राग हाय? अडवल्याचा राग नाय, दादा. एवढं ऊन होतं. पाणी नाय विचारलंस.”

 काळुरामला स्वतःची लाज वाटली, आणि ती कुठे लपवावी ते कळेना.

हौसा कळशी जाळावर ओतायला पुढे झाली. त्याने ती तिच्या हातातून काढून घेतली. मडकं जळत होतं ते जळू दिलं. “ओंजळ धर,” तो म्हणाला.

महिपती वाकला. काळुराम ओतत राहिला, महिपती पीत राहिला. ओंजळ भरली, वाहिली, पायांखाली चिखल झाला. “बास रे, दादा,” महिपती म्हणाला, तरी काळुरामला थांबता येईना.